हनुवटी किंचित खाली

पाठीचा कणा हा अवयव मनुष्यास नित्याच्या वापरासाठी मिळालेला आहे असे शरीरशास्त्राची पुस्तके सांगत असली, तरी निदान आमच्या साताऱ्यात त्याचा उपयोग केवळ फोटो काढून घेण्याच्या प्रसंगीच केला जातो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. जो गृहस्थ दिवसभर आरामखुर्चीत घसरून बसतो, ताटावर ओणवा होऊन जेवतो आणि देवळात दर्शनाला उभा राहिला तरी खांबाचा आधार शोधतो, तोच गृहस्थ समोर कॅमेरा रोखलेला दिसताच असा काही ताठतो, की कोणा अदृश्य सुभेदाराने ललकारी दिल्याचा भास व्हावा. श्वास कोंडला जातो, पोट आत ओढले जाते, ओठ आवळले जातात, डोळे वटारले जातात. आणि ज्या माणसाचा फोटो काढावा म्हणून आपण सिद्ध झालेलो असतो, तो माणूस गुपचूप निघून जाऊन त्याच्या जागी त्याचा पुतळा उभा राहतो. चौथरा आणि कावळा एवढेच काय ते मिळायचे बाकी असते.

पूर्वजांना या बाबतीत सबब होती. १८३९ साली दागेरची फोटो काढण्याची विद्या पॅरिसमध्ये जगजाहीर झाली, तेव्हा फोटोला बसलेल्या माणसाला भर उन्हातही मिनिट-मिनिट निश्चल राहावे लागे, आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या मागे लोखंडी चिमट्याचा बंदोबस्त असे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन होऊन हे शास्त्र आमच्या इलाख्यात रीतसर दाखल झाले, त्या वेळीही काही सेकंदांची समाधी लावल्यावाचून सुटका नव्हती. तेव्हा पणजोबांच्या तसबिरीतील ज्या कठोर मुद्रेला आपण घराण्याचे तेज म्हणून मिरवतो, ते तेज बव्हंशी चिमट्याचे आहे. आजच्या कॅमेऱ्याला सेकंदाचा सव्वाशेवा हिस्सा पुरतो. पण चेहऱ्यांपर्यंत हे परिपत्रक अद्याप पोहोचलेले दिसत नाही. ते अजून पणजोबांच्याच मुदतीची तयारी करून बसतात.

महसूल खात्यात उभी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो, तेव्हा उरलेल्या आयुष्याची काहीतरी तजवीज करणे प्राप्त होते. समवयस्कांपैकी कोणी ज्येष्ठ नागरिक संघात रुजू झाले, कोणी भजनी मंडळात; मी कॅमेरा घेतला. त्याची किंमत मी घरात सांगितली ती, मुद्रांक वाचविण्यासाठी खरेदीखतात जमिनीची जी किंमत लिहितात, तिच्या धर्तीवर. कास पठार जवळ आहे, तेथे जाऊन फुलांचे फोटो काढावेत, असा सल्ला हितचिंतकांनी दिला, आणि तो शहाणपणाचा होता. कारण फूल वाद घालीत नाही आणि फोटो पाहून ‘मी खरंच एवढी जाड दिसते का हो?’ असेही विचारीत नाही. परंतु मला माणसांचे वेड. चाळीस वर्षे टेबलापलीकडे उभी राहिलेली माणसे पाहण्यात गेल्यामुळे, आता ती भिंगातून पाहावीत आणि या वेळी तरी त्यांनी आपणहून माझ्याकडे यावे, अशी काहीशी माझी सुप्त वासना होती.

ती आली, पण प्रत्येकाने प्रकाशासंबंधीचा आपला कायदा बरोबर आणला. आमच्या मेव्हण्यांचा कायदा असा, की फोटो भर दुपारी, गच्चीवर, सूर्याकडे तोंड करूनच काढला पाहिजे, म्हणजे चेहरा ‘स्वच्छ’ येतो. माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो, तो कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला उजेड देतो आणि डोळ्यांच्या खोबणींत, नाकाखाली व हनुवटीखाली तेवढाच अंधार वाटतो, हे मी त्यांस परोपरीने समजावून सांगितले. ‘भावजी, सूर्याला अक्कल शिकवू नका,’ एवढे बोलून ते उन्हात उभे राहिले. फोटोत त्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके, नाकाखाली निसर्गाने न दिलेली मिशी, आणि उन्हाने आक्रसलेल्या चेहऱ्यावर असा काही त्वेष, की तो कागद पोलीस चौकीच्या फलकावर लावला असता तर माहिती देणाऱ्यास इनामही जाहीर झाले असते. मेव्हणे म्हणाले, ‘कॅमेरा भारी घेतलाय, पण हात बसलेला नाही.’ तेव्हापासून आमच्या घराण्यात माझ्या हाताविषयी हाच अहवाल कायम आहे.

घरात आलो तर फ्लॅश. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविलेला तो इवलासा दिवा समोरच्या माणसावर सरळ तोंडावर खटला भरतो. कपाळ चकाकते, गाल सपाट होतात, मागच्या भिंतीवर कडक काळी सावली पडते, आणि बुबुळाच्या मागील रक्तवाहिन्यांवरून उलट फिरलेला उजेड डोळे लालभडक करून सोडतो. सासूबाईंचा असा एक फोटो मी काढला होता. तो पाहून घरातील लहान मुलांनी त्यांस काही दिवस अत्यंत आदराने वागविले. पुढे एका जाणत्याने सांगितले, की फ्लॅशचे तोंड छताकडे करावे, म्हणजे सारे छतच दिवा होते आणि उजेड वरून मऊ झिरपतो. शास्त्र निखालस खरे. फक्त छत पांढरे असावे लागते, हे शास्त्र सांगून झाल्यावर मला कळले. कारण छताचा जो रंग, तोच उजेडाचा. आमच्या दिवाणखान्याचे छत सौभाग्यवतीच्या आवडीच्या पोपटी रंगाचे आहे. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या यच्चयावत सुवासिनींचे फोटो मी छतावरून उजेड टाकून काढले, आणि पेठेत पुढचा आठवडाभर कोणाकोणाला कावीळ झाली आहे याची चौकशी चालू होती.

सर्व पुस्तकांचे मात्र एका मुद्द्यावर मतैक्य आहे: व्यक्तिचित्रासाठी उत्तरेच्या खिडकीसारखा उजेड नाही. तीतून ऊन सहसा थेट आत येत नाही, येते ते केवळ आकाशाचे शांत प्रतिबिंब, आणि ते दिवसभर फारसे बदलतही नाही. या दृष्टीने मी आमच्या घराची पाहणी केली. दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेला, कारण बांधणाऱ्याला अजिंक्यतारा दिसायला हवा होता. झोपण्याच्या खोलीची पश्चिमेला. उत्तरेचा तो निर्मळ, चित्रकारांना वंदनीय असा प्रकाश आमच्या घरात एकाच जागी पडतो, आणि ती जागा म्हणजे स्वयंपाकघरातील मोरी.

‘अहो, मोरीत बसवून माणसांचे फोटो काढणार?’ सौभाग्यवतीने विचारले.

मी तिला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची हकीकत सांगितली. ही बाई आपल्याच कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेली. पुढे विलायतेत वाइट बेटावर राहत असता १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने आणि जावयाने तिला वेळ घालवायला म्हणून कॅमेरा दिला. तिने कोळशाच्या कोठडीची अंधारखोली केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यातून कोंबड्या बाहेर काढून त्याचा स्टुडिओ केला, आणि शेजारी राहणाऱ्या टेनिसनसारख्या राजकवीपासून घरच्या मोलकरणीपर्यंत सर्वांना तेथे खेचून आणून कित्येक मिनिटे न हलता बसविले. त्या खुराड्यातून जे फोटो निघाले ते आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. तात्पर्य, जागा गौण आहे.

‘बरोबर आहे,’ सौभाग्यवती म्हणाली. ‘तिने कोंबड्या बाहेर काढल्या. तुम्ही मला काढताय.’

अखेर दुपारी दोन ते चार, भांडी घासून झाल्यावर आणि चहाच्या आत, अशा मुदतीने मोरीचा ताबा मला मिळाला. खिडकी खाली पडत असल्याने उजेड हनुवटीवर येऊन माणसे भुताच्या गोष्टीतील सूत्रधारासारखी दिसत. म्हणून तिचा खालचा निम्मा भाग मी जुन्या दिनदर्शिकांच्या पुठ्ठ्यांनी बंद केला, तेव्हा उजेड वरून तिरपा उतरू लागला. भांड्यांच्या मांडणीवरून एक काळी घोंगडी सोडली; उजेड गिळून टाकण्यात घोंगडीची बरोबरी करणारे वस्त्र नाही. अंधाऱ्या बाजूला उजेड परतवण्यासाठी, बंदी येण्यापूर्वीच्या गणपतीच्या मखरातील थर्माकोलचा एक फळा माळ्यावरून काढला आणि तो धरण्याच्या कामी नातवाची हंगामी नेमणूक केली. फळा माणसाच्या जवळ असला पाहिजे, कारण उजेडाचे अंतर दुप्पट झाले की तो चौथाईवर येतो, हे मी त्यास बजावले. चौथाईचा हिशेब सातारकरांस वास्तविक नवा नव्हे. तथापि नातवाचे लक्ष मोबाइलमध्ये असल्याने फळा हळूहळू मागे जाई आणि बसलेल्या माणसाचा एक गाल कणाकणाने अस्ताला जाई.

उजेडाचा हा कारभार मार्गी लागला तो माणसांचा उभा राहिला. बसणाऱ्याने खांदे खिडकीकडे किंचित वळवावेत, मान तेवढीच कॅमेऱ्याकडे परत आणावी, कपाळ जरा पुढे काढावे आणि हनुवटी किंचित खाली घ्यावी, म्हणजे गळ्याची दुसरी घडी लपते आणि डोळे मोठे दिसतात. सूचना चार, त्यांपैकी तीन लोक कशाबशा पाळतात. परंतु ‘किंचित’ हे परिमाण मराठी मानेस मान्य नाही. ‘हनुवटी किंचित खाली’ म्हटले की ती छातीवर टेकते. ‘किंचित वर’ म्हटले की दृष्टी थेट किल्ल्याच्या बुरुजावर. मी पुढे होऊन दोन बोटांनी हनुवटी योग्य त्या पातळीवर आणून ठेवतो आणि परत कॅमेऱ्यापाशी येतो, तोपर्यंत ती मूळ जागी रुजू झालेली असते. चष्मेवाल्यांची तऱ्हा याहून निराळी. त्यांच्या काचांत सबंध खिडकी, पुठ्ठ्यावरील एकादशीसकट, प्रतिबिंबित होते, आणि काड्या कानांवरून जरा उचलून काचा खाली झुकवा म्हटले की ते चष्माच काढून ठेवतात व मला ओळखेनासे होतात.

आणि हात! एरवी माणसाला हात आहेत हे तो विसरलेला असतो, म्हणूनच ते सुरळीत चालतात. कॅमेऱ्यासमोर त्याला एकाएकी जाणीव होते की आपल्याला दोन हात असून त्यांचा आजवर काहीच निकाल लावलेला नाही. ‘हातांचं काय करू?’ हा प्रश्न मला न विचारणारा एकही इसम माझ्या मोरीत आला नाही. जुने स्टुडिओवाले या बाबतीत दूरदर्शी होते. ते उंच तिवईवर फुलदाणी ठेवीत, एक हात तिच्यावर. दुसऱ्या हातात पुस्तक, काठी, नाहीतर कोणाशीही न जोडलेल्या टेलिफोनचा कर्णा देत. गावात वीज नव्हती तेव्हा टेलिफोनवर बोलणारे आमचे एक चुलत आजोबा आजही ओसरीत टांगलेले आहेत. मी मात्र आधुनिक पंथाचा. हात सैल सोडा, असे मी सांगतो. सैल सोडलेले हात बहुधा खिशात, बगलेत किंवा, पुरुषमंडळींच्या बाबतीत, पाठीमागे जातात, आणि फोटोत चौकशी समितीपुढे उभा राहिलेला निलंबित तलाठी येतो.

मुद्रेवर भाव आणण्याचा प्रश्न याहूनही बिकट. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे यूसुफ कार्श याने चर्चिलच्या तोंडातील चिरूट चटकन उपसून काढला आणि पुढच्याच क्षणी त्याचा संतप्त चेहरा टिपला. तो फोटो अख्ख्या युद्धाचा निर्धार म्हणून जगभर गाजला. हे वाचल्यानंतर पेठेतील एक निवृत्त नायब तहसीलदार, ज्यांच्या चेहऱ्यावर नोकरीत असताना कधी कसला निर्धार उमटला नव्हता, फोटोला आले, तेव्हा ऐन वेळी मी त्यांच्या हातातील तपकिरीची डबी काढून घेतली. निर्धार उमटला नाही. डबी उघडी होती. तपकीर उजेडात कशी सुवर्णकणांसारखी तरंगते हे मी पाहिले, पण त्या वेळी आम्ही सर्वच जण, नातू धरून, शिंकत होतो.

हसऱ्या चेहऱ्याविषयी तर बोलायलाच नको. खरे हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूंत असते आणि ते स्नायू आज्ञा मानत नाहीत, असे द्यूशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ सालीच, माणसांच्या चेहऱ्यांना विजेचे चटके देऊन व त्यांचे फोटो काढून, दाखवून दिलेले आहे. चटक्यांची सूचना मी घरात अद्याप मांडलेली नाही.

माझ्या कलेचा खरा कस लागला तो शेजारच्या हेडमास्तरांच्या चिरंजीवाच्या वेळी. मुलगा हिंजवडीत चांगल्या पगारावर, स्वभावाने गरीब. बायोडेटाला जोडण्यासाठी फोटो हवा होता. रेंब्रांटच्या चित्रांत असतो तसा उजेड पाडावा, असे मी ठरविले. त्यात दिवा समोरून एका अंगाला आणि जरा उंचावर असतो. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते, आणि अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण शिल्लक राहतो. जाणकारांच्या मते हा त्रिकोण डोळ्याहून रुंद असू नये आणि नाकाहून लांब असू नये. मोजणीच्या कामात मी मुरलेला. परंतु माझ्या सबंध कारकिर्दीत एवढ्या छोट्या क्षेत्राची हद्द कायम करण्यास इतका वेळ लागला नव्हता. तीळभर मान फिरली की त्रिकोण फुटे, जरा खाली गेली की नाहीसा होई.

‘काका, गालावर काही लागलंय का?’ मुलगा विचारी.

‘त्रिकोण आहे. हलू नकोस.’

‘पुसू का?’

सरतेशेवटी तो साधला. घोंगडीच्या काळोखातून उमललेला तो चेहरा, एका बाजूला सौम्य प्रकाश, दुसऱ्या बाजूला गूढ छाया, आणि त्या छायेत थरथरणारा तो एवढासा त्रिकोण. हॉलंडच्या जुन्या उस्तादांनी पाठ थोपटावी असा फोटो. हेडमास्तरांनी तो चष्म्याच्या वरून पाहिला, चष्म्यातून पाहिला, आणि म्हणाले, ‘बाकीचा मुलगा कुठाय?’ मी त्यांस छायाप्रकाशाचे तत्त्व सांगितले. ते म्हणाले, ‘तत्त्व ठीक आहे. पण सरकारसुद्धा पासपोर्टच्या फोटोत सावली चालवून घेत नाही, मग हे तर लग्न.’ तरीसुद्धा शेजारधर्म म्हणून त्यांनी तो पाठविला.

कोल्हापुराहून मुलीच्या वडिलांचा फोन आला. स्थळ पसंत, पत्रिका जुळते, पगाराविषयी तक्रार नाही. मग बराच वेळ हवापाण्याचे बोलून ते खाकरले.

‘राग मानू नका मास्तर, पण मुलाच्या त्या दुसऱ्या गालाला... म्हणजे लहानपणी काही भाजलंबिजलं होतं का? असलं तरी आमची हरकत नाही. फक्त आधी कळलेलं बरं.’

मास्तरांनी त्याच दिवशी मुलाचा जुना पासपोर्ट फोटो तातडीने रवाना केला. त्यात दोन्ही गाल हजर होते, दोन्ही कान हजर होते, फक्त चेहरा फरारी होता. या प्रकाराने त्यांच्या घरी आणि माझ्या घरी माझी प्रतिष्ठा पार रसातळाला गेली असती, परंतु रिवाजाप्रमाणे उलट टपाली मुलीचा फोटो मोबाइलवर आला. मास्तर तो घेऊन धावतच माझ्याकडे आले. मुलगी देखणी होती, असे उपलब्ध भागावरून तरी वाटत होते. डावा गाल काळोखात विलीन, मागे बहुधा घोंगडी, आणि त्या काळोखातल्या गालावर, डोळ्याहून किंचित अरुंद, नाकाहून किंचित आखूड, असा निर्दोष त्रिकोण.

‘कोणी काढला?’ मी भारावून विचारले.

‘मुलीच्या मामांनी. ते पाटबंधारे खात्यातनं नुकतेच रिटायर झालेत म्हणे.’

उभय पक्षांनी मग प्रत्यक्ष भेटून एकमेकांचे उरलेले गाल पाहून घ्यावेत असे ठरले. पाहणीत कोठेही काही भाजलेले आढळले नाही, मुलामुलींनी होकार दिला, आणि त्याच बैठकीत याद्या करावयास घेतल्या. मानपान, हॉलचे भाडे, जेवणातली गोड वस्तू एक की दोन, ही कलमे लिहून झाल्यावर हेडमास्तर आणि मुलीची आई यांच्यात हलक्या आवाजात काही खलबत झाले आणि यादीत एक जादा कलम चढविण्यात आले: लग्नातील फोटोंचे काम धंदेवाईक माणसाकडे द्यावे, आणि वरपक्षाचे शेजारी व वधूचे मामा यांनी आपापले कॅमेरे घरी ठेवून यावे. उभयतांनी वाचून सह्या कराव्यात म्हणून कागद आमच्यापुढे सरकविला गेला. मी सरकारी शिस्तीतला माणूस. मुकाट्याने सही केली. मामांनी मात्र कलम नीट वाचता यावे या निमित्ताने कागद खिडकीपाशी नेला, तो उलटसुलट फिरवून पाहिला, आणि मला खुणेने जवळ बोलावले.

‘उत्तरेचीच आहे,’ ते कुजबुजले. ‘वर एक पातळ पांढरा पडदा सोडला असता, तर मुलीच्या सासूबाईंना इथंच बसवलं असतं.’

मुलीच्या आईने येऊन त्यांच्या हातातला कागद काढून घेतला.